अंतिम आशीर्वाद व्हायचा होता

माणसांवर माझा पटकन विश्वास बसत नाही. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी नगर सोडून लखनौला आले आणि हा स्वभाव आणखीच पक्का झाला. इथले लोक फार गोड बोलतात, आणि फार गोड बोललं की मी आधी पर्स सांभाळते. त्या वर्षी डेंग्यूने घरोघरी माणसं आडवी केली, त्यात आमचे हेही. प्लेटलेट भराभर उतरत होत्या. यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत त्या गटाचं काहीच शिल्लक नव्हतं. "डोनर लेकर आइए," एवढंच ते सांगत. फाटकाशी घुटमळणाऱ्या एका दलालाने आगाऊ पैसे घेतले आणि तोंड काळं केलं. मग मी कोणाशी धड बोलेनाशी झाले. देव तरी ऐकतोय का, याचीही शंका येऊ लागली होती.

रविवारी संध्याकाळी दिराला यांच्याजवळ बसवून मी मिस्साच्या उपासनेला गेले. चर्चच्या दारात एका अनोळखी बाईंनी थांबवलं. "परेशान लग रही हैं, बहनजी. घर में कोई बीमार है?" थकलेली होते, सांगून टाकलं. त्यांनी हॉस्पिटल विचारलं, मग रक्तगट विचारला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या घाईघाईने फादरांच्या खोलीकडे जाऊन आल्या आणि नेमक्या माझ्याच बाकावर, कडेला येऊन बसल्या.

ख्रिस्तप्रसाद घेऊन तसेच पळणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. आमच्या गावी त्यांना यहूदा म्हणत, कारण येशूला दगा देणारा तो शिष्यच शेवटच्या भोजनातून आधी उठून गेला होता. लखनौत तर आशीर्वादाआधीच बाहेर स्कूटर सुरू होतात. पण त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर आल्याबरोबर मीही निघाले. यांच्याकडे जीव अडकला होता. बाईंनी गुडघे हलवले नाहीत.

"ज़रा जाने दीजिए."

"बैठिए. अभी आशीर्वाद बाकी है."

दुसऱ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून गुडघ्यांवर होते. प्रार्थनेतल्या माणसाला ढकलून कसं जायचं? चरफडत बसले. हिचा कोणी साथीदार बाहेर भाव ठरवून उभा असणार, याची मला खात्रीच झाली.

मग फादर घोषणा वाचू लागले. धर्मशिक्षणाचे वर्ग, सणाची साफसफाई, आणि शेवटी, "हमारी एक बहन के पति को ओ निगेटिव प्लेटलेट्स की सख़्त ज़रूरत है. जिनका यह ग्रुप हो, वेदी के पास रुक जाएँ." मी बाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. आशीर्वाद झाला, गीताची सगळी कडवी झाली, फादर आत जाईपर्यंत उरलेल्यांपैकी कोणी जागा सोडली नाही. मग लोक गुडघा टेकून बाहेर पडू लागले आणि माझा धीर सुटत चालला. शेवटी एक जण वेदीपाशी थांबला. निशातगंजात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

मी पहिला प्रश्न काय विचारावा? "कितना लेंगे?"

"पहले चलिए तो," तो म्हणाला.

ऑटोत तो, त्या बाई आणि मी. रस्ताभर मी दोघांवर नजर ठेवून होते. रक्तगटाचं कार्ड दाखवा, मी म्हणाले, त्याने दाखवलं. आधार दिला म्हणून बाईंचा हातही मी झटकला. रक्तपेढीत त्याच्या दंडात सुई गेली आणि पिवळसर पिशवी भरू लागली, तेव्हा कुठे मला रडू फुटलं. बाईंनी पुन्हा हात धरला, या वेळी मी धरू दिला.

सकाळी यांच्या प्लेटलेट वाढल्या. काही दिवसांनी हे घरी आले. हा चमत्कार होता की नुसती माणुसकी, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मला एवढंच उमगलं की देवाच्या हाती सोपवायचं म्हणजे तो ज्याला पाठवेल त्यालाही आत येऊ द्यायचं. इतके दिवस मी देवाला "कोणाला तरी पाठव" म्हणून विनवत होते, आणि त्याने माणूस पाठवला तेव्हा मी त्या माणसाकडे कार्ड मागत बसले. देवाने रागावून त्याला माघारी बोलावलं नाही, याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.