मेसमामांची ठमी

मेसमामांना मीठ वासावरून कळायचं. चाखायची गरजच नाही. संध्याकाळी पिशवी हलवत गल्लीतून जाताना ते माझ्या खिडकीशी क्षणभर थांबायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "ताई, आमटी अळणी हाय." मी चिडून चाखून बघायची, तर खरंच मीठ राहिलेलं असायचं! पहिल्यांदा वाटलं, योगायोग. तिसऱ्यांदा मी हात टेकले.

उभी हयात त्यांनी लष्कराच्या मेसमध्ये साहेबलोकांना जेवू घातलं, म्हणून ते मेसमामा. भिंगारच्या आमच्या आठ घरांच्या ओळीत शेवटचं घर त्यांचं. निवृत्त झाले तरी शर्ट पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. गल्लीत बारसं असो की दहावं, कढईपाशी मामाच. दोनशे पानं उठवतील, पण स्वतः तिथे घासभरही खायचे नाहीत. डबा भरायचे आणि निघायचे. "आमची मंडळी थांबलीय जेवायची," एवढंच म्हणायचे. आम्ही बायका मागे हसायचो, की साहेबांना कधी भ्यायले नाहीत, पण मामींना भितात.

मग मामी दिसेनाशा झाल्या. आधी बाजार सुटला, मग ओटा सुटला. मी वाटीभर खीर घेऊन गेले, तर मामांनी दार अर्धंच उघडलं. "तिला बरं न्हाई. बोलायला दम लागतो. माफ करा," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. आता आमच्या गल्लीत तोंडावर दार लावणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. आणि तो मी जपून ठेवला.

त्याच सुमारास एक मांजर आमच्या नजरेस पडू लागली. करडी, एक कान फाटलेला, अंगावर नुसती हाडं. दिवसभर मामांच्या पायरीवर बसायची. दार किलकिलं झालं की आत घुसायला बघायची, आणि मामा झाडू घेऊन तिला हाकलायचे. उन्हातान्हात, पावसापाण्यात, रोज. लोकांना पोटभर वाढणारा माणूस दारच्या मुक्या जीवाला झाडू दाखवतो! समोरच्या शेवंताकाकूंचा जीव खालीवर व्हायचा. आम्ही दोघींनी दूध ठेवून पाहिलं, भाकरी कुस्करून पाहिली. ती हुंगायची आणि तोंड फिरवून परत त्याच पायरीवर. एकदा मी मामांना हटकलंसुद्धा, "मामा, मांजर वाळत चाललीय हो."

"वय झालंय तिचं," मामा म्हणाले आणि पुन्हा दार लावलं.

तेव्हा मी दार ठोठावून एक प्रश्न विचारला असता, तर आज हे लिहायला बसले नसते. पण मी पडले मानी. मी तरातरा काकूंकडे गेले.

काकू म्हणाल्या, "आपल्या डोळ्यांदेखत उपाशी मेली तर पाप आपल्याच माथी गं बाई. काशीला सोन्याचं मांजर कोन वाहनार? तू न् मी?"

माझी बहीण देवळाली प्रवऱ्याला दिलेली. घरचा ऊस, गोठ्यात चार गाई, दाण्याच्या खोलीत उंदीर. मांजरीला याहून चांगलं सासर कुठलं? दाजी पिकअप घेऊन नगरला आले होते, त्यांना आम्ही भिंगारला बोलावून घेतलं. मामा बाजारात गेलेले. काकूंनी मांजरीला अलगद पोत्यात घातलं. पोत्याला तीन गिरक्या दिल्या, कारण मांजर दूर सोडायची तर तिला वाट विसरायला लावावी लागते, ही आमच्याकडची रीत. तिनं फारशी धडपडही केली नाही. गाडी गेल्यावर आम्ही चहा केला आणि एकमेकींचं कौतुक करत प्यायलो.

संध्याकाळी मामा दारोदार फिरताना दिसले. शर्टाची बटणं उघडी. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "ताई, आमची ठमी बघितली का?"

तिला नाव होतं, हे मला तेव्हा कळलं. तरी मी गप्प बसेन तर ना! फाडफाड बोलले. म्हटलं, आत्ता आठवली का? झाडूनं मारत होतात तेव्हा कुठे गेली होती माया? पाठवली आम्ही तिला, खात्यापित्या घरी पाठवली.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जरा आत या."

मागच्या खोलीत खिडकीला लावून खाट होती. आमच्या ओळीतल्या घरांची मागची बाजू मोकळ्या माळाकडे, तिथे कुणाचं लक्ष जायचं कारण नाही. खाटेवर मामी. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मामी एवढ्याशा झाल्या होत्या. खिडकीबाहेर कट्टा, कट्ट्यावर घडी घातलेलं पोतं आणि एक ताटली.

"सापडली का हो?" मामींनी विचारलं.

मुलगी सासरी गेली त्या वर्षी आणलेली ठमी. चौदा वर्षं मामींच्या कुशीत झोपलेली, कधी उंबरा न ओलांडलेली, म्हणून गल्लीत कुणाला ठाऊकच नसलेली. फुप्फुसं गेली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, मांजराचा केससुद्धा घरात नको. म्हणून मामांनी तिला बाहेर काढलं आणि मामींची खाट खिडकीशी आणली. पहाटे आणि संध्याकाळी ते मासळी पाण्यात उकळून, काटे काढून, तिला तिथल्या कट्ट्यावर हातानं भरवायचे. तिचे दात पडलेले होते. जाळीच्या आतून मामी तिच्याशी बोलायच्या. दिवसातलं मामींचं बोलणं असायचं ते तेवढंच.

बाहेर आल्यावर मी फोन काढला. मामा हळूच म्हणाले, "आमच्या मेसमदी पानात वाढायच्या आधी इचारायची पद्धत हुती, ताई."

बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, पोतं सोडलं तशी उसात पळाली. येईल भुकेनं."

आली नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि मामा एसटीनं राहुरीमार्गे देवळालीला गेलो. उसाच्या बांधावर उभं राहून मामांनी मोबाईल काढला. त्यात त्यांनी मामींची हाक भरून आणली होती. "ठमे... ये गं... ठमे..." मध्येच श्वास तुटलेला, मागे मशीनची घरघर. पुरुषभर उंच उसाच्या कडेनं तो म्हातारा मोबाईल डोक्यावर धरून चालत होता, आणि मी मागून चालत होते. रडायचंसुद्धा मला तोंड नव्हतं. तीन वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला तोडणीवाल्या बाया म्हणाल्या, इकडं बिबट्या फिरतोय, म्हातारी मांजर कसली टिकतीय. मामांनी मोबाईल खिशात ठेवला.

परतताना एसटीत ते म्हणाले, "घरी तिला सांगा, ठमी सापडली म्हून. पुन्यांदा प्रवास झेपायचा न्हाई, म्हून तिथंच ठेवली. मला तिच्याम्होरं खोटं जमत न्हाई. तुमी सांगा."

मी सांगितलं. रोज जाऊन सांगत राहिले. आज मासे खाल्ले, आज उन्हात लोळली, बहिणीच्या सासूच्या मांडीवर बसली. खोट्याचं मला असं वळण पडलं, की एखाद्या दिवशी माझाच विश्वास बसायचा.

"घरात घेतात का हो तिला तिथं?" मामींनी एकदा विचारलं.

"हो मामी. चुलीपाशी झोपते."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "हितं आमी बाहेर काढली हुती."

महिन्याभरात मामी गेल्या. दहाव्याला कढईपाशी परक्या गावचा आचारी होता. मामा कोपऱ्यात बसून होते. जेवण खारट झालं होतं, पण ते काही बोलले नाहीत.

नंतर मामांची मुलगी त्यांना न्यायला आली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी जाऊन पाया पडले. म्हटलं, "मामा, शिव्या द्या, पण काहीतरी बोला."

 "तिला ठावं हुतं," मामा म्हणाले. "पहिल्याच दिशी वळखलं तिनं. तुमी गेल्यावर म्हनली, ठमी मेलीय न्हवं? मी गप बसलो. मग म्हनली, ताईला कळू देऊ नका मला कळलंय ते. रोज येतीय बिचारी, येऊ द्या."



"तिनं तुमाला माफ केलं," मामा पुढे म्हणाले. "मला न्हाई जमलं, ताई. जमंल असं वाटतबी न्हाई."

ते टेम्पोत मुलीशेजारी जाऊन बसले. गाडी निघाली तेव्हा मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, आणि त्यांचं काही चुकलं नाही.