तळ्याची उरलेली बाजू

"बस्स. आज इथवरच. बाकीचं पुढच्या रविवारी."

असं म्हणून बाई डावा पाय जमिनीवर टेकायच्या, घंटी एकदा वाजवायच्या आणि सायकल वळवायच्या. घंटी कुणासाठी, ते मला कधी कळलं नाही. समोर रस्त्यावर फार तर एखादी म्हैस असायची, आणि तिला घंटीचं काही पडलेलं नसायचं.

उल्हासनगरच्या एका शाळेत मी नवीन क्लार्क म्हणून लागले तेव्हा बाई तिथे हेडक्लार्क होत्या. मी चोविशीची, त्या पन्नाशीच्या. अशी एक तरी बाई तुम्ही पाहिली असेल, जिच्या जिवावर सगळं ऑफिस चालतं आणि जिचं नाव वार्षिक अहवालात शेवटून दुसऱ्या ओळीत येतं. दाखल्याचा अर्ज सकाळी आला की मधल्या सुट्टीआधी दाखला तयार. हातात एकदम तीन फायली, पेन कानावर, आणि चालणं असं की शिपाईसुद्धा बाजूला सरकायचा. "काम शिल्लक राहिलं की मला जेवण जात नाही गं," म्हणायच्या. मी टेबलावर कागद साठवणारी. माझ्या ढिगाकडे बघून त्या नुसता सुस्कारा सोडायच्या, आणि संध्याकाळी अर्धा ढीग त्यांच्या टेबलावर गेलेला असायचा.

मी साताऱ्याकडची. बदलापूर गावात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात खोली घेऊन राहायचे. शनिवारपर्यंत ठीक चालायचं. रविवारी मात्र करायचं काय हे कळायचं नाही. कपडे धुऊन नऊ वाजायचे आणि पुढे सगळा दिवस पडलेला असायचा. हे एकदा डबा खाताना सहज बोलून गेले. डब्याचं झाकण लावत बाई म्हणाल्या, "सायकल येते तुला?"

उल्हासनगरच्या बाजारातून एक जुनी लेडीज सायकल घेतली. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "बेटी, ब्रेक थोडा ढीला है, लेकिन गाडी एकदम ओके है." बाईंनी तिथेच उभं राहून ब्रेक आवळून घेतला आणि मग मला सायकलला हात लावू दिला.

बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान धरण आहे. कागदावर धरण, दिसायला तळं. नाव सांगत नाही. आता तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायला जागा नसते, त्यात माझी भर नको. तेव्हा तिथे कुणी नसायचं. एका बाजूला मातीचा बांध आणि पाण्याला धरून सगळीकडून जाणारी कच्ची वाट. सकाळच्या धुक्यात चंदेरी किल्ल्याचा सुळका आधी पाण्यात दिसायचा आणि मग वर. बगळे काठाला उभे असायचे. माघ-फाल्गुनात काटेसावरीची लाल फुलं टपटप पाण्यात पडायची, आणि ती नुसती बघत बसलं तरी वेळ जायचा.

रविवारी बाई अंबरनाथ पश्चिमेहून निघायच्या. सकाळची बुद्धवंदना आटोपायची, डबा भरायचा आणि मला एक मिस्ड कॉल द्यायचा. मिस्ड कॉल म्हणजे "मी निघाले". मी सायकल घेऊन गावच्या नाक्यावर उभी राहायचे. शाळेत कायम इस्त्रीच्या पाचवारीत असणाऱ्या बाई पंजाबी ड्रेस आणि पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून येताना दिसल्या की मला पहिले काही रविवार हसू आवरायचं नाही. "हस, हस," त्या म्हणायच्या. "हेडमास्तरांनी बघितलं तर उद्या मेमो देतील, मग रड."

आणि त्या सायकल इतकी हळू चालवायच्या की काय सांगू! डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका आम्हाला मागे टाकून जायच्या. मी पुढे जाऊन थांबायचे, परत यायचे, पुन्हा पुढे जायचे. "अगं स्लो चल ना. पाणी काय पळून चाललंय?" दर दहा मिनिटांनी थांबणं. इथे खंड्या बसतो, तो येईपर्यंत थांबायचं. या दगडावर बसून घावणे खायचे. तांदळाचे घावणे आणि सुक्या बोंबलाची चटणी; ती चव मला अजून मिळालेली नाही. खाताना त्या माझ्या घरचं सगळं विचारायच्या. आईचे गुडघे, भावाची दहावी, शेजारच्यांची म्हैस. स्वतःचं विचारलं की "माझं काय, दोन भाऊ, दोघंही पुण्याला, मजेत," एवढ्यावर संपायचं.

अर्धी वाट झाली की कधी, पाऊण झाली की कधी, पण पाय टेकायचाच. तळ्याची पूर्ण फेरी आम्ही कधी मारली नाही. कारण दर वेळी वेगळं. पुढे चढ आहे, पुढे कुत्री आहेत, पुढे वाटेत चिखल असेल.

"पण पुढे आहे काय, बाई?"

"मला काय माहीत? मी तरी कुठे गेलेय?"

कागदाचा एक चिटोरा शिल्लक न ठेवणारी बाई तळ्याची एक बाजू दर रविवारी शिल्लक ठेवते, याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त कंटाळा येऊ लागला होता. बाईंच्या आठवड्यातला एकच दिवस माणसाच्या सोबतीचा होता आणि तो माझ्यावर अवलंबून होता, हे आज सरळ दिसतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की दीड वर्ष झालं आणि एक साधी फेरी पुरी होत नाही.

एका थंडीतल्या रविवारी बाईंनी पाय टेकला, घंटी वाजवली, आणि मी थांबलेच नाही.

"अगं ए! थांब! पुढे नको जाऊस!"

मी हसत हसत पेडल मारत राहिले. चढ नव्हता. कुत्री नव्हती. वळणापलीकडे पाच-सहा घरांचा पाडा होता, आणि पहिल्याच घराच्या अंगणात एक म्हातारी चुलीशी बसली होती. मी उतरले. मागून बाई आल्या. म्हातारी माझ्याकडे बघून नुसती बसली होती. बाईंना बघून उठलीच.

"अगो बाय! किती दिसांनी! मना वाटला मेलीस का काय. दर आयतवारी यायचीस, उभ्या उभ्या चाय घेऊन जायचीस. आता सोबतीण मिलाली त इसारलीस मना?"

मी बाईंकडे बघितलं. बाई सायकलच्या कॅरिअरला बांधलेला डबा सोडत होत्या. तो सुटत नव्हता.

"म्हणजे तुम्ही इथे यायचात?" मी म्हटलं. "बाई, दीड वर्ष तुम्ही मला उल्लू बनवलंत?" आणि मी हसले. मोठ्याने हसले, हे मला नीट आठवतं. मला ती गंमत वाटली होती.

बाई हसल्या नाहीत. म्हातारीने दिलेला चहा घेतला, तिच्या सुनेची चौकशी केली, आणि आम्ही निघालो. उरलेली वाट दहा मिनिटांची होती. बांध दिसू लागल्यावर त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"भावाच्या पोराला आणलं होतं एकदा. सुट्टीत आला होता. पहिल्याच दिवशी त्याने अख्खी फेरी मारली. म्हणाला, झालं की आत्या, अजून काय आहे इथे? दुसऱ्या दिवशी चल म्हटलं तर टीव्हीसमोरून उठला नाही." मग म्हणाल्या, "सगळं बघून झालं की माणूस परत येत नाही गं."

"असं काय बाई, मी येणारच," मी म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हतं म्हटलं.

पुढच्या रविवारी मिस्ड कॉल आला. मी गोधडीत होते. बाहेर थंडी होती, आणि खरं सांगते, तळं बघून झालं होतं. पडल्या पडल्या हिशेब केला की बाईंना नाक्यावर पोचायला अर्धा तास लागेल, तोवर उठू. जाग आली तेव्हा म्हातारा-म्हातारीची जेवणं चालली होती. बाई नाक्यावर किती वेळ उभ्या होत्या, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावरचा ढीग नेहमीसारखाच उचलून नेला.

त्यानंतर मिस्ड कॉल आला नाही. मीही केला नाही. शाळेत कॉम्प्युटर आले, आम्हा क्लार्कांना ते शिकणं भाग पडलं आणि माझा रविवार सकाळचा क्लास सुरू झाला. कारण हातात आलं की माणसाला किती बरं वाटतं! बाईंना मी ते कारण अगदी उत्साहाने सांगितलं. "छान, शिकून घे," त्या म्हणाल्या. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्यावर चांगलं भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या भावाकडे पुण्याला गेल्या, आणि तिथे वर्षभरात वारल्याचं शाळेत कळलं. दोन मिनिटं उभं राहून आम्ही श्रद्धांजली वाहिली आणि फायली उघडल्या.

पण मला त्या आठवतात त्या निरोपाच्या शालीतल्या नाही. त्या निवृत्त व्हायच्या आधी, एका रविवारी आमच्या क्लासची सहल त्याच तळ्यावर गेली होती. आम्ही सगळ्या बांधावर बसून वेफर्स खात होतो. तेवढ्यात समोरच्या काठावर, झाडांमधून, एक सायकल जाताना दिसली. पांढरे बूट ओळखू आले.

मी उठून "बाई!" अशी हाक मारली. पाणी मधे होतं, आवाज पोचला नसेल. पोचला असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

"कोण गं?" एकीने विचारलं.

"आमच्या ऑफिसातल्या आहेत," मी म्हटलं, आणि त्यांना गाठायला बांधावरून पळत सुटले. वाट बांधाच्या टोकाला येऊन मिळते, मला फार तर चारशे पावलं जायचं होतं आणि त्यांना अर्धं तळं. बाईंची चाल मला पाठ होती, मी आरामात पोचणार होते.

मी पोचले तेव्हा वाटेवर नुसती धूळ होती, आणि बाई पार खाली डांबरी रस्त्याला लागल्या होत्या. पाठ वाकवून, जोरजोरात पेडल मारत चालल्या होत्या. ऑफिसात काम उरकायच्या तशा. इतक्या जोरात सायकल चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.