आक्काचे डावखुरे नायक

बाईनं पुस्तक लिहायचं, आणि तेही सिनेमावर! भवानी पेठेत आधी कुणाला ते खरंच वाटेना. पण माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ते लिहिलं. त्या काळी गाजलेल्या एका दिग्दर्शकाचा एकेक मूकपट घेऊन, तो गर्दी कशी उभी करतो, रडू कुठं आणतो आणि कुठं मुद्दाम आवरतो, हे तिनं उलगडून दाखवलं होतं.

छापखान्याच्या मालकांनी हस्तलिखित वाचलं आणि परत केलं.

“बाई, तुमी हे सिनेमे बघितलेच न्हाईत. परतेक नायक डावखुरा केलाय की! मी सोता बघितलंय, तलवार उजव्या हातात हाय. असलं पुस्तक मी छापत न्हाय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आक्का मात्र हसली.

सिनेमाच्या तंबूत पुरुष पडद्यासमोर बसत आणि आम्ही बायका पडद्यामागं. कापड पाण्यानं भिजवलं की चित्र आरपार दिसे, पण उलटं. उजवा हात डावा होई आणि मधल्या मजकुराच्या पाट्याही उलट्या पडत. “आक्का, काय लिवलंय, सांग की!” असा शेजारच्या विणकर बायकांचा गलका होई, आणि आक्का ती उलटी अक्षरं घडाघडा वाचून दाखवी. तिच्याशिवाय आमच्या बाजूला सिनेमा पुढं सरकतच नसे.

हे तिनं मालकांना सांगितलं. त्यांना काही पटलं नाही.

टेबलावर कुणाची तरी लग्नपत्रिका छापण्यासाठी शिशाचे खिळे जुळवून ठेवले होते. खिळ्यांवरची अक्षरंही उलटीच असतात. आक्का वाकली आणि श्रीगणेशापासून आग्रहाच्या आमंत्रणापर्यंत सगळी पत्रिका न अडखळता वाचून मोकळी झाली.

“आणि अहो,” ती म्हणाली, “ह्यात मुहूर्तच राहिलाय की!”

मालक खिळ्यांवर ओणवे झाले. बराच वेळ बघत राहिले.

“व्हय की! पण खिळे वाचायला शिकायला आमच्या माणसास्नी लई दिवस लागत्यात. तुमी कुटं शिकला?”

“सिनेमात,” आक्का म्हणाली.

असला अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. पुस्तक छापायला घेतलं, तेव्हा नायक उजवे करू का, असं मालकांनी आदबीनं विचारलं. आक्कानं साफ नकार दिला. तिनं फक्त पहिल्या पानावर एक ओळ घातली. आजही पुस्तक हातात घेतलं की मी आधी तीच वाचते: ‘हे सगळे चित्रपट मी बायकांच्या बाजूनं पाहिले आहेत.’