माहेरच्या नावाचा रकाना

श्रीगोंदा तालुक्यात, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा तीस खाटांचा दवाखाना आहे. त्याच्या केसपेपरच्या खिडकीत अंगद गर्जे एकोणीस वर्षं बसतोय. मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला यायचे, त्यामुळं त्याची पहिली-दुसरी उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत झाली आणि पुढचं शिक्षण वसतिगृहात. अक्षर देखणं होतं. त्या अक्षरावरच ही नोकरी मिळाली.

तीन वर्षांपूर्वी ट्रस्टनं सगळ्या नोंदी क्लाऊडवर न्यायचं ठरवलं. पुण्याच्या कंपनीकडून निकिता नावाची मुलगी शिकवायला आली.

"काका, पेशंटची माहिती आता ह्या कॉम्प्युटरमध्ये राहणार नाही. लांब, मोठ्या सर्व्हरवर राहील," ती म्हणाली. "राहात्याला आपला दुसरा दवाखाना आहे ना? तिथं काढलेला ईसीजी तुम्हाला इथं बसून दिसेल. मॉनिटरवरचे आकडेही आपोआप चढतील."

अंगदला हे फार आवडलं. पण आठच दिवसांत तो चार नोंदी घेऊन तिच्यापुढं उभा राहिला.

"मॅडम, ह्या चार बाया न्हाईत. एकच हाय."

"नाव चुकलं तरी जन्मतारखेवरून सापडेल की."

"आमच्याकडं निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेला."

"मग मोबाईल नंबर?"

"तो टोळीच्या मुकादमाचा. एका नंबरावर बेचाळीस माणसं."

निकिता हसली, आणि मग हसायची थांबली. अंगदनं तिला समजावून सांगितलं. बाईला माहेरी एक नाव असतं, लग्नात दुसरं ठेवतात, आधारकार्डावर तिसरंच छापून येतं आणि ते कार्डही गावाकडं पत्र्याच्या पेटीत. मुकादमाच्या वहीत तर बाईचं नावच नसतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि तो नवऱ्याच्या नावावर. टोळी ह्या हंगामात श्रीगोंद्याला, तर पुढच्या हंगामात राहात्याला. दरवेळी नवी नोंद.

"नवा रकाना घालायला वरून मंजुरी लागेल," निकिता म्हणाली. "तोवर शेऱ्यात लिहीत जा."

त्या दिवसापासून अंगद प्रत्येक बाईला विचारू लागला, "माहेरचं नाव काय, माय? आई काय म्हणून हाक मारायची?" रांगेतले लोक वैतागायचे. बायका मात्र आधी लाजायच्या आणि मग सांगायच्या. काही तर गावासकट, भावांच्या नावांसकट सांगत बसायच्या. दुपारी खिडकी बंद झाली की तो जुन्या नोंदी चाळायचा आणि एकाच बाईच्या वाटतील त्या जोडायला दवाखान्याच्या डॉक्टर धनश्रींपुढं ठेवायचा. एकदा त्यानं दोन जावांच्या नोंदी एक करायला दिल्या. डॉक्टर धनश्रींच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून निभावलं.

"गर्जेभाऊ, एकीची शुगर दुसरीच्या नावावर गेली असती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी अंगदला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नुसत्या नावावर जोडायचं नाही, अंगावरची खूण पाहिल्याशिवाय तर नाहीच, असं त्यानं स्वतःला बजावलं.

गेल्या जानेवारीत, सकाळी दहाच्या सुमारास, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एका बाईला आणलं. पायावर कोयत्याची चार दिवसांची जखम. पाय नडगीपर्यंत सुजून लाल झालेला, अंग तापानं फणफणलेलं. बाई धड शुद्धीवर नव्हती.

"नाव?" अंगदनं विचारलं.

"रुपाली छगन," नवरा म्हणाला. तोच छगन.

त्या नावाची नोंद नव्हती. आत डॉक्टर धनश्रींनी छगनला विचारलं, "कुठल्या औषधाचा त्रास झालाय का कधी?"

"न्हाई जी, कवाच न्हाई."

डॉक्टरांनी सिस्टरला पेनिसिलिनच्या जातीतलं इंजेक्शन तयार करायला सांगितलं. अंगद खिडकीतून उठून दारापाशी आला. "छगन, हिचं माहेरचं नाव काय?"

"लंका. पन ते आता कोन घेत न्हाई."

अंगद परत कॉम्प्युटरपाशी धावला. लंका लिहिलं, गाव टाकलं. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. मग दोन नोंदी आल्या, दोन्ही राहात्याच्या. दोघींचं गाव एक, जन्मतारीख एक. पहिलीच्या नोंदीत नुसता खोकला. दुसरीच्या नोंदीत चार वर्षांपूर्वीचं लिहिलं होतं: पेनिसिलिननंतर अंगभर गांध्या, धाप, दोन दिवस ऑक्सिजन. आणि खाली, तपासणीच्या ओळीत: डाव्या करंगळीचं टोक नाही.

तो दारातूनच ओरडला, "मॅडम, थांबा! हिचा डावा हात बघा."

सिस्टरनं बाईची मूठ उघडली. करंगळीला टोक नव्हतं.

डॉक्टर धनश्रींनी येऊन पडद्यावरची नोंद स्वतः वाचली आणि त्या छगनकडं वळल्या. "चार वर्षांपूर्वी ही राहात्याला होती?"

"व्हय की. तिच्या भावाच्या टोळीत गेल्ती. मी त्या साली गावाकडंच हुतो, पाय मोडला हुता." छगनचा चेहरा उतरला. "मला कुनी सांगितलंच न्हाई, बाई."

इंजेक्शन बदललं. संध्याकाळी ताप उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी लंकाबाई खाटेवर बसून चहा पीत होती. अंगद तिची राहात्याची आणि इथली नोंद एक करायची परवानगी घ्यायला तिच्याकडं गेला.

"तुमचं नाव कोणतं ठेवू, रुपाली का लंका?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"दोन्ही ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पन लंका वर लिवा."

डॉक्टरांनी हा सगळा प्रकार ट्रस्टला लिहून कळवला. मार्चमध्ये निकिताचा फोन आला. मंजुरी मिळाली होती. आता नोंदीच्या पहिल्याच पानावर माहेरच्या नावाचा रकाना आहे आणि त्याखाली अंगावरच्या खुणेचा.

ह्या हंगामात अंगदनं एक मागणी केली, ती मान्य झाली. दर रविवारी तो टॅबलेट घेऊन कोप्यांवर जातो. कुणी आजारी पडायच्या आधीच बायकांच्या नोंदी करतो, बीपीच्या मशीननं दाब मोजतो. आकडा तिथूनच सर्व्हरवर चढतो. परवा बनुबाई नावाच्या साठीच्या बाईचा दाब बराच वाढलेला निघाला. ती फडावर निघाली होती, डोक्याला फडकं बांधून.

"बनुबाई, आज फड न्हाई, दवाखाना. माझ्या गाडीवर बसा."

"आन् माझा कोयता?"

"तो सुनेकडं द्या," अंगद म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.