दिवसा गोष्ट सांगू नये

रविवारी सकाळी अकराला आमच्या ग्रंथालयाचा वार्षिक कार्यक्रम झाला. आज बुधवार… राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

ग्रंथालय म्हणजे शिरूरहून निमोण्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावातली एक खोली. तिथे फक्त लोकसाहित्य आहे. थोडी पुस्तकं, बऱ्याच कॅसेट आणि कार्डांचे चार ड्रॉवर… ओव्या, उखाणे, कहाण्या, समजुती. मी शिरूरच्या कॉलेजात मराठी शिकवते आणि रविवारी तिथे बसून कार्डं लिहिते.

यंदा पत्रिकेत छापलं होतं, 'कथाकथन : रहिमतबी चाची'. चाची सत्तरीच्या आहेत. त्यांना येतात तितक्या गोष्टी आमच्या कपाटात नाहीत. गेले दोन हिवाळे मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी जाते आहे.

प्रमुख पाहुणे पुण्याहून आले होते, लोकसाहित्याचे अभ्यासक. हार झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. मग आमच्या अध्यक्ष गुरुजींनी माइक चाचींपुढे सरकवला.

चाचींनी तो हातानं बाजूला केला. म्हणाल्या, आत्ता गोष्ट नको, ओवी म्हणते. ओवीला दिवस चालतो.

गुरुजींना वाटलं, त्या लाजताहेत. पत्रिकेत कथाकथन छापलंय, पाहुण्यांना बाराला निघायचंय, असं त्यांनी समजावून पाहिलं. पदर सावरून चाची हळू आवाजात बोलल्या.

"दिसा गोष्ट सांगितली की वाटंवरचा मानूस वाट चुकतो, गुरुजी. माजा जमीर वाटंवर हाय."

जमीर त्यांचा एकुलता एक मुलगा. रांजणगावच्या एका कंपनीच्या मालाची ट्रकनं ने-आण करतो. सोलापूर सोडलं, एवढा निरोप सकाळी शेजारच्या मोबाइलवर आला होता. त्यानंतर फोन नाही.

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "चाची, जमीरला दौंडचा रस्ता झोपंत पाठ हाय. त्यो कुठं चुकतोय?" मग आणखी हसले.

पाहुण्यांनी माइक घेतला आणि आपण विज्ञानयुगात राहतो इथपासून सुरुवात केली. ज्या गृहस्थांनी उभं आयुष्य अशा समजुती गोळा करण्यात घालवलं, ते त्यातली एक समजूत पाळणाऱ्या बाईला पाच मिनिटं अंधश्रद्धेवर ऐकवत होते. चाची ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं.

मग गुरुजींना युक्ती सुचली. त्यांनी खिडक्या लावायला सांगितल्या, दारावर सतरंजी टांगली, ट्यूब घालवली. "घ्या चाची, झाली रात," म्हणाले. टाळ्या पडल्या.

अंधारातून चाचींचा आवाज आला. "हितं अंधार केला तुमी. त्येच्या रस्त्यावर ऊनच हाय की."

यावर कुणी हसलं नाही. पण खिडकी उघडायलाही कुणी उठलं नाही.

मी उठले. खिडकी उघडली आणि चौथा ड्रॉवर ओढला. पाहुण्यांना दाखवायचं होतं, की ही बाई आडमुठेपणा करत नाही, ज्यासाठी ही खोली उभी आहे तेच ती सांगते आहे. कार्ड सापडलं. मी मोठ्यानं वाचलं… 'दिवसा गोष्ट सांगू नये. वाटेवरचा माणूस वाट चुकतो. सांगणारी : रहिमतबी.'

पाहुण्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. "फार मौल्यवान नोंद आहे हो ही. मला हिची झेरॉक्स द्या."

दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या बाईकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मला काहीतरी जळजळीत बोलायचं होतं. तेवढ्यात कार्डावरचं अक्षर दिसलं… माझंच. अकराची वेळ ठरली त्या बैठकीत मी होते. पत्रिकेचं प्रूफ मी वाचलं होतं. दोन हिवाळे चाचींनी मला दिवेलागणीनंतरच बोलावलं, आणि मी समजत राहिले की दिवसा त्यांना कामं असतात. आपण एखादी समजूत कार्डावर उतरवतो आणि ती संपली असं धरून चालतो. ती पाळणारं माणूस समोर बसलेलं असतं.

चाचींनी ओवीही म्हटली नाही. कुणी म्हणा म्हटलंच नाही. पाहुणे बाराला निघाले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. चाची उंबऱ्यात बसल्या होत्या, सकाळी मिळालेली शाल घडी न मोडता बाजूला ठेवलेली. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते सगळं बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "बस. त्यो न्हाई आला अजून." मग आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो.

जमीर आला तेव्हा नुकते दिवे लागले होते. उशीर का, तर दौंडात टायर बसला होता. वाटेत आणखी काही झालं का, असं चाचींनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो नाही म्हणाला.

तो हातपाय धुऊन जेवायला बसला. चाचींनी माझ्याही पुढे ताट ठेवलं आणि कुणी न सांगता गोष्ट सुरू केली, सकाळची राहिलेली. मी टेपरेकॉर्डर नेला नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर सकाळी हसणाऱ्यांत बसलेल्या बाईला घरात घेतलं नसतं. त्यांनी घेतलं, हे विसरणार नाही.

झेरॉक्ससाठी पाहुण्यांचा काल फोन येऊन गेला. पाठवणार आहे. फक्त कार्डावर आता खाली एक ओळ वाढली आहे…

'सांगणारी हे पाळते.'