फोरमनचा हात

आमच्या खालच्या मजल्यावर फोरमन राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अख्खी बिल्डिंग त्यांना फोरमनच म्हणते. सारा जन्म कोल्ड स्टोरेजमध्ये गेला. तिथे दार उघडं राहिलं की माल नासलाच, त्यामुळे दिसेल ते दार लावायचं हे हाडीमाशी खिळलेलं. आमच्याकडे गप्पा मारायला आले तरी जाता जाता आमच्या फ्रिजचं दार ढकलून बघतात.

त्यांची मुलगी कामासाठी बाहेरगावी गेली की तिची म्हातारी मांजरी यांच्याकडे. आधी "मी काय मांजरांचं पाळणाघर काढलंय?" म्हणून कुरकुरले. आता तिला बाईसाहेब म्हणतात, सकाळी मांडीवर घेऊन पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात, "मला जन्मात कधी एक बातमी वाचून दाखवली नाही!"

त्या दिवशी संध्याकाळी मुलगी परतणार होती, आणि दुपारी बाईसाहेब गायब.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मुलगी त्या मांजरीच्या आधारानंच उभी राहिली होती. मांजरीला ती दुसऱ्या कुणाकडेच ठेवायची नाही, फक्त बापाकडे ठेवायची. फोरमनच्या तोंडचं पाणी पळालं. माझं दार ठोठावून म्हणाले, "चला हो लवकर. बाहेर पडली बहुतेक."

आम्ही जिना पालथा घातला, गच्ची बघितली, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. समोरच्या रस्त्यावर ट्रक धडाधड जात होते. फोरमन प्रत्येक गाडीखाली गुडघे टेकून "बाईसाहेब, बाईसाहेब" करत होते. लोक हसत होते. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

"तिला काय सांगू मी?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आणि तेवढ्यात रिक्षा थांबली.

मुलगी बॅग घेऊन उतरली. बापाचे मळलेले गुडघे बघून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, कुठंय ती?"

"हरवली गं. माझ्याकडून हरवली."

ती रडेल, बोलेल, काय वाट्टेल ते करेल असं मला वाटलं. तिनं फक्त बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "दार उघडं राहिलं होतं?"

"माझ्याकडून? शक्यच नाही!" तशातही फोरमन भडकले.

"मग ती बाहेर जाईलच कशी?"

ती तडक वर गेली. आम्ही मागोमाग. घरात शिरून तिनं न्हाणीघर उघडलं, माळ्याची झडप उघडली, शेवटी आतल्या खोलीतलं चादरींचं कपाट. खालच्या कप्प्यात, काकूंच्या स्वेटरवर बाईसाहेब डोळे किलकिले करून पडल्या होत्या. जेवणाआधी काकूंनी चादर काढली होती, आणि फोरमनच्या हातानं जाता जाता कपाट लावलं होतं. डोक्याला पत्ताच नव्हता.

"लहानपणी मलाही कोंडलं होतंत याच कपाटात," मुलगी म्हणाली. "लपाछपी खेळताना. तेव्हाही सगळा रस्ता शोधत बसला होतात."

फोरमन कपाटासमोरच खाली बसले. "आता नको ठेवूस तिला माझ्याकडे. हात ऐकत नाही माझा."

मुलीनं मांजरी उचलून त्यांच्याच मांडीत ठेवली. "पुढच्या महिन्यात परत जायचंय मला. आणि कुणाकडे ठेवू?"

मांजरीला दोन्ही हातांनी धरून फोरमन तसेच बसून राहिले. काकूंनी कपाटाकडे बोट दाखवलं, "अहो, दार उघडं आहे."

"असू दे," फोरमन म्हणाले.