पंप नंबर एक, ऊर्फ शकुन

श्यामसुंदर उपासनींनी आयुष्यात एकच गोष्ट बायकोपासून लपवली होती, आणि ती तिच्याच तोंडून मोठ्याने वाचून घ्यायची पाळी त्यांच्यावर आली.

कोलकात्यातल्या बेहाल्याच्या फ्लॅटमध्ये ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसले होते. कालच मोतीबिंदू काढलेला. दुसरा डोळा पूर्वीपासूनच नावापुरता. समाचाराला बालीगंजहून अविनाश आला होता. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांच्या भानगडी सांगून संपल्या की मगच आजाऱ्याची चौकशी करतो. अजून दोन घरं बाकी होती, तेवढ्यात फोन वाजला. इद्रिसचा.

वाळवंटातल्या त्या देशात श्यामसुंदरांनी नऊ वर्षं गावाच्या पाण्याचे पंप सांभाळले होते. तिथल्या हुकूमशहाला तेव्हा मोठमोठे देश मिठ्या मारत. तेल त्याचं, तोफा त्यांच्या, आणि पंप त्याच्या पुतण्याच्या ओळखीतले. पंप बिघडला म्हणणं हा नेत्याचा अपमान. एका सुपरवायझरने नोंदवहीत ‘झडप निकामी’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला जीप घेऊन गेली. परत आली ती फक्त जीप. तेव्हापासून श्यामसुंदर नोंदवहीत रोज ‘सर्व ठीक’ लिहीत, आणि खरं दुखणं पंपांच्या पॅनेलच्या दारामागे, रंगाने, मराठीत. हेरांनी विचारलं तर सांगत, देवाचे मंत्र आहेत.

ते कोलकात्याला परतले आणि काही वर्षांनी त्याच मोठ्या देशांनी त्याच हुकूमशहावर बॉम्ब टाकले. तो पडला त्या दिवशी श्यामसुंदरांनी अख्ख्या मजल्याला संदेश, म्हणजे बंगाली पेढे, वाटले. आता नवी झडप मिळेल, हा त्यांचा साधा हिशोब. झडप आली नाही. आले बंदूकवाले, दर विहिरीमागे एक टोळी. परदेशी कारागीर मिळेल त्या बोटीने पळाले. मागे राहिली नोंदवही: सर्व ठीक.

त्यांच्या हाताखालचा ऑपरेटर इद्रिस आता त्या पंपघराचा प्रमुख होता. दोन टोळ्यांना एका चटईवर बसवून, चहा पाजून, त्याने पंपघर सोडवून घेतलं होतं. पण वहीवर भरवसा ठेवून पंप लावले आणि मोठा नळ दोनदा फुटला. अकरा दिवस गाव कोरडं. जोडायला नळाचा शेवटचा एकच तुकडा उरलेला; आता फुटला तर लोकांना गाव सोडूनच जावं लागणार. पंप कोणत्या क्रमाने लावायचे, एवढंच तो विचारत होता. श्यामसुंदरांना ते नीट आठवेना. मग इद्रिसने दारामागच्या अक्षरांचा फोटो पाठवला.

“द्या इकडे, मी वाचते,” त्यांची बायको, शकुनताई, म्हणाल्या.

श्यामसुंदरांनी फोन छातीशी धरला. अविनाशकडे द्यावा म्हणाले, मग घाईने नको म्हणाले. डोळ्यावर पट्टी असूनही त्यांचा चेहरा पडलेला दिसला. पण अकरा दिवस म्हणजे अकरा दिवस. त्यांनी फोन पुढे केला.

शकुनताईंनी चष्मा सावरला.

“पंप दोन, अविनाश. आवाज फार, पाणी कमी. झडप खोटी, मागचं पाणी अडवत नाही. याला शेवटी लावावे, हळूहळू उघडावे.”

अविनाशचा संदेशाचा घास तोंडातच राहिला. “श्यामराव, मी तुमच्या लग्नात वाढपी होतो.”

“पंप एक...” शकुनताई थांबल्या. मग आवाज न बदलता वाचू लागल्या. “पंप एक, शकुन. लवकर तापते. वीस मिनिटं कुरकुर करते. ऐकून बंद करू नये. तिने नळ भरला की मगच बाकीचे लावावेत. सगळे बंद पडले तरी ही सोडून जात नाही.”

शकुनताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. खाली ऑटोवाले भांडत होते.

“अगं, तिथे मराठीत बोलायला कोणी नव्हतं,” श्यामसुंदर पुटपुटले. “म्हणून पंपांना नावं ठेवली.”

फोनवर त्यांनी मोडक्या अरबीत इद्रिसला सगळं समजावलं, आणि शेवटी, पूर्वी सांगायचं राहिलेलं तेही सांगितलं: वहीतलं ‘सर्व ठीक’ खोटं होतं, आणि लिहिणारा हात आपला. इद्रिस म्हणाला, खरं लिहिलं असतं तर आज हा फोन मी कोणाला केला असता? पंपाच्या कुरकुरीला घाबरून तो दरवेळी पहिला पंप बंद करत होता. चूक तीच; रिकाम्या नळाला बाकीच्या पंपांचा दणका बसत होता.

पुढची वीस मिनिटं फोनवर पंप नंबर एकची कुरकुर ऐकू येत राहिली. अविनाशने एकदा, आता बंद करा, असं सुचवून पाहिलं. शकुनताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दुसरा संदेश उचलला.

मग आवाज सरळ झाला. थोड्या वेळाने व्हिडिओ आला: चौकातला नळ आधी खोकला, तांबडं ओकला, आणि धो धो सुटला. बायका डबे घेऊन धावत होत्या. श्यामसुंदरांना दिसत नव्हतं. शकुनताईंनी एकेक डबा सांगितला.

इद्रिसने विचारलं, अक्षरांचा रंग उडालाय, तशीच पुन्हा काढून घेऊ का? आणि खाली अरबीतही लिहितो, आता लपवायचं कशाला?

“काढ म्हणावं,” शकुनताई म्हणाल्या. “पण माझ्या नावाखाली एक ओळ वाढवायला सांगा. लवकर तापते, कारण नऊ वर्षांत झडप कोणी बदलली नाही.”

श्यामसुंदरांनी शब्द न शब्द अरबीत सांगितला. अविनाश मात्र चहासुद्धा न घेता निघाला. मंडळात ही बातमी आपल्याआधी दुसऱ्या कोणी सांगितली तर काय, याची त्याला काळजी लागली होती.